पस्तीस टक्के आई

१४ जुलै २०२४, रविवार

नागेंद्रने नववर्षाला दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. करसल्लागाराकडून फुकट मिळालेली ही एकमेव वस्तू, म्हणून आज उघडली. शिवाय घरात माझं ऐकायला कोणाला वेळ नाही. बायको त्रिशला शाळेच्या वह्या तपासते, आई झोपून असते, आणि नागुबाईला मी काही सांगितलं की ती 'व्हय सर' म्हणते आणि आपल्याला हवं तेच करते.

आईला जानेवारीत निपाणीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. धाकटा भाऊ कुमार तिथेच असतो. दुकान त्याच्याकडे, शेत त्याच्याकडे, पण 'बेळगावला डॉक्टर चांगले, अण्णा' असं म्हणून त्याने आईला अनगोळला माझ्या दारात आणून सोडलं. फेब्रुवारीपासून मी दिवसभरासाठी नागुबाई ठेवली आहे. मूळची गुंजीची, राहते पिरनवाडीला. सकाळी आठला बसने येते, संध्याकाळी सातला जाते. महिना चौदा हजार. कॉलेजात गणित शिकवून मी जे मिळवतो त्यातून कर कापून घेतल्यावर हे चौदा हजार जातात, हे मला दर एक तारखेला नव्याने बोचतं.

आज नागेंद्रकडे रिटर्नसाठी गेलो होतो. म्हटलं, बाईचा पगार कशात बसव. तो हसला. "औषधपाण्याच्या कलमात बसत न्हाय सर. पण ऐंशी डीडी म्हणून कलम हाय. आपल्यावर अवलंबून असलेलं माणूस अपंग असंल तर त्याच्या उपचाराला, सेवेला केलेल्या खर्चाची वजावट. चाळीस टक्के अपंगत्व असंल तर पंचाहत्तर हजार. ऐंशी असंल तर सव्वा लाख. खर्च किती झाला ते बघत न्हाईत, आकडा ठरलेला."

म्हणजे माझ्या हिशोबाने वर्षाला पंधरा हजार सहाशे तरी वाचतात, आणि आई ऐंशीच्या वर गेली तर सव्वीस हजार. गेल्या वर्षाचं गेलं. या वर्षासाठी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाचं प्रमाणपत्र लागेल. झटक्याला सहा महिने झाल्याशिवाय ते देत नाहीत. परवा सहा महिने पूर्ण होतात. तीस वर्षं या सरकारला इमानाने कर भरला, आता पहिल्यांदा काहीतरी परत मागणार आहे. यात लाजायचं काय आहे?

२८ जुलै, रविवार

ऑनलाइन अर्ज भरला. तीन वेळा फोटो नाकारला. चौथ्यांदा घेतला.

नागुबाईची पद्धत मला पटत नाही. फिजिओथेरपीवाला महिन्यातून एकदा येऊन कागदावर व्यायाम लिहून जातो. ही तो कागद देव्हाऱ्याखाली सरकवते आणि आईसमोर भुईमुगाच्या शेंगांची परडी ठेवते. उजव्या हाताने सोलायच्या. मार्चमध्ये एक शेंग फोडायला आईला सकाळ लागायची, आणि घामाने चोळी भिजायची. आता दुपारपर्यंत वाटी भरते. मी म्हटलं, एवढे दाणे खाणार कोण? नागुबाई म्हणाली, "खायाचं कुणी सांगिटलंय? आक्कांच्या बोटास्नी काम पायजे."

एक मात्र मानायला हवं. ती मराठ्यांची, आम्ही जैन, तरी आईचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम तिने कधी मोडू दिला नाही. साडेपाचला ताजी भाकरी करून वाढते, कांदा-बटाटा आईच्या ताटाजवळ येऊ देत नाही. मी स्वतः तो नेम कधीच सोडला, पण आईचा चाललेला बघून बरं वाटतं.

१ सप्टेंबर, रविवार

बोर्डाची तारीख आली. पंचवीस सप्टेंबर, बुधवार.

आज आईला सांगायला बसलो. काय सांगणार? 'तू किती निकामी झाली आहेस ते मोजायला जायचंय' असं आईला तोंडावर सांगता येत नाही. मी म्हटलं, "आई, पंचवीस तारखेला सरकारी दवाखान्यात जायचंय. माझं एक काम आहे. तुझ्यावाचून होणार नाही."

"कसलं रं काम?" आता तिचे शब्द बरेच कळतात.

"सरकारी. साहेब दोन-चार गोष्टी विचारतील, तेवढंच."

"साहेब कानडी हाय काय?"

"असणारच."

"मग मी कानडीतच बोलतो बघ," म्हणाली. "कागूद अडकत न्हाय."

हे मीच तिला शिकवलेलं. रेशनकार्डापासून वारसा नोंदीपर्यंत आमचं हेच चालत आलंय. कचेरीत जाताना धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, आणि पहिलं वाक्य कन्नडमध्ये. साहेबाने मान वर केली पाहिजे. मराठीतून सुरुवात केली की उद्या या. आईला तर निपाणीच्या बाजारामुळे कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज एक तास मोकळा होता म्हणून दुपारी घरी आलो, तर आईच्या खोलीचं दार आतून लावलेलं. आत दोघींचं हसणं. वाजवल्यावर नागुबाईने उघडलं आणि काहीतरी पदराआड घेतलं. नक्की मोबाईलवर मालिका बघत असणार. चौदा हजार मी मालिका बघायला देतो काय? पण दशलक्षण पर्व चालू आहे, क्षमा धर्म वगैरे, म्हणून बोललो नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस लिहून ठेवतो, नाहीतर डोकं फुटेल.

रुग्णालयात नऊला पोचलो. रांगेत सत्तेचाळीसावा नंबर. आईसाठी चाकांची खुर्ची मागून आणली तर ती बसेना. नागुबाईने आज तिला मोतिया रंगाचं इरकल नेसवलं होतं, अंबाडा घातला होता, लग्नाला निघाल्यासारखं. मी नागुबाईला म्हटलं, एवढा थाट कशाला? ती म्हणाली, "सरकारी काम हाय म्हणलासा न्हवं?"

आमचा पुकारा झाला. आईने माझा हात बाजूला केला. दारापासून टेबलापर्यंत नऊ पावलं. मी मोजली, मोजायची सवय आहे. काठी टेकत, उजवा पाय थोडा ओढत, पण नऊच्या नऊ पावलं ती स्वतः चालली. खुर्चीजवळ उभी राहिली, दोन्ही हात जोडले. उजवा हात डाव्याला जाऊन टेकला, आणि आई स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली की नमस्कार साहेब, माझं नाव शालन, गाव निपाणी, हा माझा थोरला मुलगा, प्राध्यापक आहे, याचं काम तेवढं करा.

डॉक्टर तरुण होता. त्याने मान वर केली.

हात वर करा म्हणाला, तिने केला. बोटं मिटा, उघडा. केली. भिंतीवरचा तक्ता वाचा म्हणायच्या आतच तिने वाचून दाखवला. मी मागून म्हणत होतो, "सर, रोज एवढं जमत नाही, आज जरा..." तेवढ्यात त्याने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. आईने तो सरकवला आणि पेन मागितलं. उजव्या हातात पेन धरून, जीभ दातात धरून, तिने कन्नडमध्ये सही केली. पूर्ण नाव, गावासकट. अर्धं मिनिट लागलं. खोलीतली नर्स टाळ्या वाजवायला लागली.

डॉक्टर मला म्हणाला, "सर, आठ महिन्यांत इतकी सुधारणा मी क्वचित बघतो. कोण करून घेतं हे?" मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो.

रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, "झालं न्हवं रं तुझं काम? मी चुकलो न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "झालं."

ती घरापर्यंत रस्त्याकडे बघत हसत होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पस्तीस टक्के. तात्पुरतं. पुढे 'सुधारणा होण्याची शक्यता आहे' असं छापलेलं.

पाच टक्के! परीक्षेत पाच गुणांनी नापास झालेली पोरं माझ्यासमोर येऊन रडतात, तेव्हा मी त्यांना अभ्यास करायला सांगतो. इथे अभ्यास केला म्हणून नापास. नागेंद्र फोनवर म्हणाला, "चाळीसच्या खाली शून्य सर. मधलं काय न्हाय."

नागुबाईला विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तीन आठवडे दार लावून सहीचा सराव चालला होता. पाटीवर. नातवंडांची जुनी पाटी तिने पिरनवाडीहून आणली होती. पदराआड लपवली ती हीच. कल्पना आईची. 'अंगठा उठवला तर पोराची मान खाली जाईल' असं आई म्हणाली म्हणे. हे सांगताना नागुबाईचा चेहरा असा फुललेला, की जणू मी तिला बक्षीसच देणार आहे.

माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? माझं केवढं नुकसान झालं माहीत आहे?"

तिला कळेना. मग मी टक्के, कर, वजावट सगळं सांगितलं. ती बराच वेळ परडीतल्या शेंगा खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "मग काय सर, आक्कांस्नी पाडून ठिवायचं हुतं व्हय मी?"

उद्धट बाई. आई आतून ऐकत होती की नाही माहीत नाही. दार उघडं होतं.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. महावीरांना निर्वाणलाडू चढवायला आई बस्तीच्या मंदिरापर्यंत चालत गेली, नागुबाईच्या खांद्यावर हात ठेवून. शेजारचे लोक कौतुक करत होते. मी प्रत्येकाला हसून दाखवलं.

मी शांतपणे विचार केला आहे. सरकारच्याच बोर्डाने लेखी दिलंय की हिला चाळीस टक्केसुद्धा अपंगत्व नाही आणि पुढे सुधारणाच होणार आहे. मग दिवसभर माणूस ठेवायची गरज काय? एक तर ती अपंग आहे, तर वजावट द्या. नाहीतर ती बरी आहे, तर बाई कशाला? दोन्हीकडून मीच का भरायचं? हे तर्काला धरून आहे. त्रिशलाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आईंचा राग नागुबाईवर काढताय."

आईचा मला राग नाही. आईचा कशाला राग येईल?

कुमारला फोन केला, निम्मा पगार देतोस का म्हणून. "धंदा बसलाय अण्णा," म्हणाला. मागे नव्या गाडीचा हॉर्न वाजवून मुलगा ओरडत होता.

३० नोव्हेंबर, शनिवार

नागुबाईचा शेवटचा दिवस. पगार दिला, वर पाचशे दिले. तिने त्रिशलाला तेल कसं लावायचं, पाय कुठवर वाकवायचा ते दाखवलं. दोनदा दाखवलं. त्रिशला घड्याळाकडे बघत होती, ते नागुबाईच्या लक्षात आलं आणि ती थांबली.

नागुबाई पाया पडली तेव्हा आईने उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सही कराय नको हुती काय रं?"

मी म्हटलं, तसं काही नाही, तू आता बरी आहेस, बाईची गरज नाही. आणि चहा घ्यायला उठलो.

१९ डिसेंबर, गुरुवार

आईचा हट्ट वाढत चाललाय. त्रिशला शाळेतून साडेपाचला येते. हातपाय धुऊन कुकर लावेपर्यंत दिवस मावळतो. मावळला की आई ताटाला हात लावत नाही. सकाळी करून डब्यात ठेवलेलं खा म्हटलं, तर डब्याचं झाकण एका हाताने निघत नाही म्हणते. सैल झाकणाचा डबा आणला, तर त्यात मुंग्या झाल्या. आज सलग चौथी संध्याकाळ ती उपाशी झोपली. मी सांगितलं, आजारी माणसाला नेम नसतो, मुनिमहाराजांनाही विचार हवं तर. ती म्हणाली, "दहा महिनं मोडला न्हाय, आता कशाला मोडू?"

बोलणं पुन्हा जड झाल्यासारखं वाटतं. व्यायाम करते का विचारलं की मान हलवते. शेंगांची परडी कुठे गेली कोण जाणे.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

आई शुक्रवारी न्हाणीत पडली. पोट मोकळं करायला गेली होती. अकरा वाजले असतील असं ती म्हणते. त्रिशला साडेपाचला आली. तोवर आई तिथेच होती. ओल्या फरशीवर.

शेजारच्या जयाबाई म्हणतात, दुपारी काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता, वाटलं नळवाला आलाय. आई डाव्या हाताने तांब्या आपटत होती.

खुब्याचं हाड मोडलंय. हृदय अशक्त, वजन अठ्ठेचाळीसवरून एकोणचाळीसवर. डॉक्टर ऑपरेशनला तयार नाहीत. वजन कसं उतरलं विचारलं. मी म्हटलं, वय.

त्रिशला माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली. "सहा तास," म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

त्रिशलाने शाळा सोडली. राजीनामा देऊन मग मला सांगितलं. अठरा हजारांची खाजगी शाळेतली नोकरी, फार मोठं नुकसान नाही म्हणायचं. आईचं सगळं आता तीच करते. कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं, साडेपाचची भाकरी कुस्करून भरवणं. बायकोने सासूची सेवा केली तर त्याला कुठलंही कलम नाही, हे मी नागेंद्रला विचारून घेतलं. तो म्हणाला, "सर, घरच्या माणसाचा पगार कसा दाखवणार?"

मग थोडा थांबून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण आता परत अर्ज करा. मार्चच्या आत झालं तर हेच वर्ष मिळंल. आता आईंचं ऐंशीच्या वर जाईल."

मी फोन ठेवला. माणसाला कुठे काय बोलावं ते कळत नाही. रात्री अर्ज भरला. फोटो पहिल्याच खेपेला घेतला.

१२ मार्च, बुधवार

रुग्णवाहिकेतून नेलं. या वेळी रांग नाही, स्ट्रेचरवाल्यांना आधी घेतात. डॉक्टर दुसरे होते, वयस्कर. आई काही बोलली नाही. नाव मी सांगितलं. उजव्या हाताची मूठ आता उघडत नाही, नखं तळव्यात रुततात म्हणून त्रिशला आत कापसाची गुंडाळी ठेवते. डाव्या हाताचा अंगठा घेतला. सगळं मिळून सहा मिनिटं.

शहाऐंशी टक्के. कायमस्वरूपी. 'सुधारणा होण्याची शक्यता नाही. फेरतपासणीची आवश्यकता नाही.' कारकुनाने लगेच सांगितलं, अपंगत्वाचं कार्ड मागून पोस्टाने येईल.

खाली पायऱ्यांवर उभं राहून मी तो कागद वाचला आणि मला बरं वाटलं. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? एका क्षणापुरतं, बसभाडं नेमकं सुट्टं निघावं तसं बरं वाटलं. मग त्रिशला रुग्णवाहिकेतून 'चला आता' म्हणाली.

२४ ऑगस्ट, रविवार

पाच महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आई आहे तशी आहे.

नागेंद्रचा फोन. रिटर्न भरायचं आहे. "या वर्षी वजावटींवर लई प्रश्न विचारायला लागलेत सर. तुमचं प्रमाणपत्र पक्कं हाय, तरी बाईच्या सहीच्या पावत्या फाईलला असू देत. बारा महिन्यांच्या."

त्या आर्थिक वर्षात, एप्रिल ते नोव्हेंबर, नागुबाई होतीच आठ महिने. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आकडा ठरलेलाच हाय, आठनं भागतंय. पण बारा असल्या तर फाईल शोभते."

मला अर्धवट फाईल आवडत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

पिरनवाडीला गेलो. घर शोधायला तासभर लागला. दीड वर्षं जी बाई... नाही, दहा महिने. दहा महिने रोज घरी येत होती, पण तिचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. पत्र्याची दोन खणं, दारात शेवंती. नागुबाई आता एका खाजगी दवाखान्यात झाडलोट करते, पगार कमी, पण जवळ आहे म्हणाली. मला बघून तिला एवढा आनंद झाला की मीच ओशाळलो. सुनेला दूध आणायला पिटाळलं. मी बसायच्या आत विचारलं, "आक्का कशा हाईत?"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

"चालत्यात न्हवं?"

पिशवीत प्रमाणपत्र होतं. मी म्हटलं, "चालतात. अंगणापर्यंत."

"आनि हात?"

"हातही बरा आहे."

तिने दोन्ही तळवे डोळ्यांना लावले. "मला लई घोर हुता सर. सपनात यायच्या. म्हणलं, मी आलतो तवा हुतं तसं परत सगळं बंद झालं तर आक्का कुणाला सांगतील?"

मी पावत्या काढल्या. तिने एकेक वाचली. सही करताना डिसेंबरच्या पावतीवर थांबली. "तवा मी कुठं हुतो तुमच्याकडं? जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, ह्या बी न्हाईत."

"कागदाचं काम आहे, नागुबाई. आईसाठीच लागतंय."

"आक्कांसाठी व्हय," म्हणाली आणि बाराही पावत्यांवर सही केली. मी पाचशेची नोट पुढे केली, ती तिने घेतली नाही. वर म्हणाली, रविवारी सुट्टी असते, येऊन आक्कांना बघून जाते. मी पटकन म्हटलं, आई सध्या निपाणीला आहे, कुमारकडे, दसऱ्यानंतर येईल.

परतताना वाटलं, हे खोटं मी तिच्या भल्यासाठीच बोललो. उगाच तिच्या जिवाला लागलं असतं.

७ सप्टेंबर, रविवार

रिटर्न गुरुवारी भरलं. नागेंद्र म्हणाला, परतावा महिन्याभरात येईल.

आज सकाळी मी दाढी करत होतो, बेल वाजली. त्रिशलाने दार उघडलं. नागुबाई. गुंजीहून भाऊ काकड्या घेऊन आला होता, त्यातल्या चार त्रिशलाला द्यायला आलेली. आक्का आल्या की त्यांना किसून द्या म्हणायला लागली. त्रिशला म्हणाली, "आल्या की म्हणजे? आई कुठं गेल्यात?" आणि तिला हाताला धरून सरळ आत घेऊन गेली. मी तोंडाला साबण तसाच ठेवून मागे गेलो.

नागुबाई पलंगापाशी उभी राहिली. काकड्यांची पिशवी हातातच होती. एकदा माझ्याकडे बघितलं. मी आरशाकडे, म्हणजे आरसा तिथे नव्हता, भिंतीकडे बघितलं. मला वाटलं आता ही ओरडणार, पावत्यांचं काढणार. पण तिने पिशवी खाली ठेवली, खाली बसली आणि पलंगाच्या काठाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आक्का, मी हाय. नागू."

आईने डोळे उघडले. तिने ओळखलं. गेले दोन महिने ती कोणालाही नीट ओळखत नाही असं मी समजत होतो, पण नागुबाईला तिने लगेच ओळखलं. ओठ हलले, शब्द आला नाही. मग तिने डाव्या हाताने चादर चाचपली, ओढली, आणि उजवा हात, ती मिटलेली मूठ, घाईघाईने चादरीखाली झाकून घेतली. चादर पुरेना तर पुन्हा ओढली. आणि तोंड भिंतीकडे केलं.

नागुबाईने पदर तोंडात कोंबला.

पाऊस नसला तरी सकाळी हवेत गारवा होता. आईला थंडी वाजत असावी. मी पंखा बंद केला.